एड आजोबांची वाट

मिल्टन, ऑन्टारिओ
१३ मार्च

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस सा. न.

मी मजेत आहे. खोकला गेला, वजन घटलेलं नाही, फोटोत स्वेटरमुळे तसा दिसतो.

आई, फोनवर मी "स्मशानातून फिरून आलो" म्हणालो आणि तू गप्पच झालीस. नंतर माझ्या फोटोवरून मीठमोहऱ्या ओवाळल्यास, ताईने सांगितलं. अगं, हे संगम माहुलीसारखं नाही. चिता नाही, धूर नाही. हिरवळ, जुनी झाडं, नावं कोरलेले दगड आणि मधून छोटा रस्ता. लोक नातवंडांना घेऊन येतात, फुलं ठेवतात, बाकावर बसतात. कुणाला विटाळ वाटत नाही, घरी येऊन अंघोळही करत नाहीत. मी करतो, तुझ्यासाठी.

याच एव्हरग्रीन दफनभूमीत एड व्हिटलॉक नावाचे आजोबा धावायचे. मूळचे लंडनकडचे, पेशाने खाण इंजिनिअर. घराजवळची जागा, गाड्यांचा त्रास नाही, वारा समोरून आला तरी पुढच्या वळणावर पाठीशी. फेऱ्या मोजायचे नाहीत, घड्याळ बघून तीन-तीन तास धावायचे. कोच नाही, खास आहार नाही, बूट वर्षानुवर्षं तेच. २००३ मध्ये, ७२व्या वर्षी, त्यांनी मॅरेथॉन २ तास ५९ मिनिटं १० सेकंदांत संपवली. सत्तरी ओलांडलेला माणूस तीन तासांच्या आत येण्याची जगातली ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंद! बाबा, आपल्या साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनच्या दुप्पट अंतर. २०१६ मध्ये, पंच्याऐंशीला, टोरांटोत चार तासांच्या आत आले. पाच महिन्यांनी कॅन्सरने गेले. आज त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली (१३ मार्च २०१७), पण पांढरे केस उडवत जाणारे ते आजोबा इथे अजून सगळ्यांच्या बोलण्यात असतात. मी आलो तेव्हा ते नव्हते, तरी त्या वाटेवर मला ओळखीचं वाटतं.

बाबा, तुम्ही दरवर्षी यवतेश्वरच्या घाटात धावणाऱ्यांना पाणी द्यायला उभे राहता. या वर्षी मीही इथल्या शर्यतीत पाणी वाटायला नाव दिलंय.

एक सांगायचं राहिलं होतं. आजी गेली तेव्हा तिकीट मिळालं नाही, असं मी म्हणालो. तिकीट होतं. नोकरी नवी होती, रजा मागायला धजलो नाही. माहुलीला तुम्ही दोघंच अस्थी घेऊन गेलात. त्या बाकावर बसलो की मी आजीशी बोलतो. म्हणून जातो तिथे, आई.

चाळीस हजार पाठवलेत. आधी बाबांची अँजिओग्राफी, पत्र्याचं काम नंतर. डॉक्टर "चाला" म्हणतात तर चालायचं, "वय झालं" हे कारण आता मी ऐकणार नाही.

कराडच्या पाहुण्यांना माझी पत्रिका द्यायला हरकत नाही. पण मुलीला आधीच सांगा, मी अजून दोन वर्षं तरी इथेच आहे. लपवून काही ठरवू नका. दिवाळीला येतो म्हणालो होतो, ते जमेलसं दिसत नाही. आई, रागावू नकोस.

बाबांसाठी बूट पाठवतोय, ताईची मैत्रीण महिनाअखेर येतेय तिच्याबरोबर. कपाटात जपून ठेवू नका. घाला.

तुमचा,
धाकटा