आई-बाबांना, ग्राफिक्सच्या नव्या कोर्सबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर बाबांना हल्ली नीट ऐकू येत नाही आणि आई मधेच जेवलीस का विचारते, त्यामुळे मी या सेमिस्टरला नक्की काय शिकवतेय ते दर वेळी अर्धवटच राहतं. म्हणून सगळं टाइप करून पाठवतेय, दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून द्यायला. घरचं आधी सांगून टाकते म्हणजे आईचं लक्ष इकडे लागेल. इकडे बडोद्यात पाऊस बरा चाललाय, विश्वामित्रीचं पाणी काठाच्या बरंच खाली आहे, दांडिया बाजारात कुठे तुंबलं नाहीये, माळ्यावरची गळती काढून घेतली, आणि हो, मी रोज वेळेवर जेवते.

तर कोर्स. कॉम्प्युटर ग्राफिक्स, अगदी पहिली ओळख, पोरांनी आधी काहीच केलेलं नसतं असं धरून चालायचं. बाबा, तुम्ही विचारलंत म्हणजे फोटोशॉप शिकवणार का. नाही, फोटोशॉप ज्या गोष्टींवर चालतं त्या शिकवणार. स्क्रीनवर एक रेघ दिसते ती तिथे येते कशी, गोल वस्तू गोल का वाटते, लांबचं लहान का दिसतं, पुढच्या वस्तूने मागची झाकायची हे मशीनला कळतं कसं. हे सगळं हिशोबाने होतं. आपल्या घरच्या टीव्हीसारख्या साध्या फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात आणि गेम चालू असेल तर सेकंदाला ६० वेळा त्यातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग नव्याने ठरतो, म्हणजे सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करून बघायला लागली.

पहिल्याच तासाला एका मुलीने विचारलं, मॅम, लायब्ररी तो बधुं करी आपे छे, तो आपणे हाथे शुं काम करवानुं? म्हणजे लायब्ररी, तो तयार कोड, सगळं करून देते तर आपण हाताने कशाला करायचं. पादऱ्याहून येते रोज, हुशार आहे, आणि प्रश्न अगदी रास्त आहे, कारण खरंच आज दोन ओळी लिहिल्या की तयार घन, तयार गोल, तयार उजेड मिळतो. मी तिला उत्तर देताना बाबा तुमच्याबद्दल बोलले. तेच तुम्हाला नीट सांगायचंय, ते फोनवर ओरडून सांगता येत नाही.

तुमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड आलं आणि ते कागदावर उतरवणारा तो मोठा प्लॉटर आला तेव्हा मी शाळेत होते. मला आठवतं तुम्ही घरी आलात की बोलायचा नाहीत फारसं. आधी रविवारी बोर्ड काढून बसायचा, टी-स्क्वेअर, सेट स्क्वेअर, ते रोट्रिंगचे पेन धुवून वाळत ठेवलेले, ट्रेसिंग पेपरवर शाई चुकली की ब्लेडने इतक्या हलक्या हाताने खरवडायचा की कागदाला कळायचंही नाही. मग ते बंद झालं. बोर्ड माळ्यावर गेला. आईने एकदा विचारलं तर म्हणालात आता कॉम्प्युटर काढतो, माझं काय काम. मला तेव्हा काही म्हणता आलं नाही, वयच नव्हतं. आता या कोर्ससाठी सगळं मुळापासून पुन्हा वाचलं, आणि जागोजागी तुम्हीच दिसायला लागलात.

प्लॉटरचंच घ्या. १९६२ साली आयबीएममध्ये जॅक ब्रेसनहॅम नावाच्या माणसाने प्लॉटरसाठी रेघ काढायची एक रीत शोधली, ती १९६५ मध्ये छापून आली आणि ती मी दुसऱ्या आठवड्यात शिकवते. पेन फक्त ठरलेल्या छोट्या पावलांनी सरकू शकतं, उजवीकडे किंवा उजवीकडे-वर, आणि रेघ तर तिरपी हवी. मग प्रत्येक पावलाला खऱ्या रेघेपासून आपण किती ढळलो त्याचा हिशोब ठेवायचा आणि त्यावरून पुढचं पाऊल ठरवायचं. भागाकार नाही, अपूर्णांक नाही, फक्त पूर्णांकांची बेरीज आणि उत्तर शून्याच्या वर का खाली एवढंच बघायचं, कारण तेव्हाच्या मशीनला यापेक्षा जास्त झेपायचं नाही. तुमच्या ऑफिसातला तो प्लॉटर ज्या विद्येवर चालत होता ना, तिचं मूळ हे, आणि ते एका अशा माणसाने शोधलंय ज्याला रेघ सरळ येण्याची तुमच्याइतकीच काळजी होती.

त्याच्याच सुमाराला १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँडने पीएचडीसाठी स्केचपॅड केलं. स्क्रीनवर लाइट पेनने वेड्यावाकड्या रेघा मारायच्या आणि मग मशीनला सांगायचं या दोन समांतर कर, हा कोपरा काटकोनात घे, आणि ते स्वतः सगळं जुळवून घ्यायचं. मी वर्गात विचारलं, समांतर आणि काटकोन हेच का बरं आधी सुचलं असेल? कुणाला येईना. टी-स्क्वेअरने समांतर रेघा आणि सेट स्क्वेअरने काटकोन, अजून काय! ड्राफ्ट्समनच्या हाताखाली जे असतं तेच त्याने मशीनला शिकवलं. आता या मुलांनी टी-स्क्वेअर पाहिलेला नाही, त्यांना फोटो दाखवावा लागला.

आणि लपलेल्या रेघा. तुम्ही मशीनच्या पार्टचं ड्रॉइंग काढताना मागच्या बाजूच्या कडा तुटक काढायचात, मी विचारायचे दिसत नाही तर काढता कशाला, तर म्हणायचात दिसत नाही पण आहे. मशीनला हे पुढचं-मागचं मुळात कळतच नाही, त्याला फक्त आकडे माहीत, आणि ग्राफिक्समधली सुरुवातीची कित्येक वर्षं या एका प्रश्नावर गेली. १९७४ मध्ये युटा विद्यापीठात एड कॅटमुलने पीएचडीत जो उपाय मांडला त्याला झेड-बफर म्हणतात. प्रत्येक ठिपक्यापाशी रंगाबरोबर अजून एक आकडा ठेवायचा, इथे आत्तापर्यंत सगळ्यात जवळची वस्तू किती अंतरावर आहे. नवीन वस्तू त्याहून जवळ असेल तर रंगव आणि आकडा बदल, नसेल तर सोडून दे. बस. तेव्हा मेमरी इतकी महाग होती की हे उधळपट्टीचं वाटायचं, आज तुमच्या मोबाइलमध्येही हेच चालतं. हा कॅटमुल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाला, चिनू बघतो ते कार्टूनवाले, आणि त्याला २०१९ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं, आमच्या विषयातलं सगळ्यात मोठं बक्षीस.

पण मला सगळ्यात जास्त शिकवायचं आहे ते पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांबचं लहान कसं दिसतं ते, आणि त्यासाठी मी मुलांना पुस्तकाआधी मांडवीला नेणार आहे. तुम्ही मला तिथे मधोमध उभं केलं होतंत आठवतं का, एवढी गर्दी, स्कूटरवाले हॉर्न मारतायत, आणि तुम्ही निवांतपणे म्हणताय एक डोळा मीट आणि पाणीगेटकडे बघ, दोन्हीकडच्या दुकानांच्या वरच्या कडा खाली येतायत, ओट्यांच्या कडा वर जातायत, कुठे भेटतात ते बोटाने दाखव. मी दाखवलं आणि तुम्ही म्हणालात हा व्हॅनिशिंग पॉइंट, तो तुझ्या डोळ्याच्या उंचीवर आहे, मी बघितला तर माझ्या उंचीवर असेल. चार दिशांना चार दरवाजे, लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट, आणि मधे मांडवी, पर्स्पेक्टिव्ह शिकवायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. आता बघा, कॉम्प्युटर जे करतो ते फक्त एवढंच आहे: वस्तूची आडवी जागा भागिले डोळ्यापासूनचं अंतर, उभी जागा भागिले तेच अंतर. दुप्पट लांब तर निम्मं दिसणार. दहावीतले समरूप त्रिकोण, त्यापलीकडे काही नाही. पुढे ते चार बाय चारच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या चौकटीत, बसवतात म्हणजे फिरवणं, सरकवणं आणि हा भागाकार सगळं एकाच साच्यातून जातं, आणि त्याचं गणित तर मोबियसने १८२७ मध्येच लिहून ठेवलेलं. पण मूळ गोष्ट तुमचीच ती, डोळा कुठे आहे ते आधी ठरव.

आई, तुझ्यासाठीही आहे यात, कंटाळू नकोस. प्रकाशाचा भाग चौथ्या-पाचव्या आठवड्यात येतो आणि तो तू स्वैपाकघरात करून बघू शकतेस. खिडकीपाशी उभी राहा, भिंतीकडे बघ आणि डोकं डावी-उजवीकडे हलव, भिंत जशीच्या तशी दिसते. आता स्टीलचा तांब्या घे, त्यावरचा चकचकीत ठिपका बघ आणि तसंच डोकं हलव, ठिपका तुझ्याबरोबर सरकेल. भिंतीचा उजेड फक्त ऊन कुठून येतंय त्यावर ठरतो, तिरपं आलं की तेवढंच ऊन जास्त जागेवर पसरतं म्हणून भिंत मंद दिसते, हा नियम लॅम्बर्टने १७६० मध्ये सांगितला. तांब्यावरचा ठिपका मात्र बघणारा कुठे उभा आहे त्यावरही ठरतो. या दोन गोष्टी आणि सगळीकडून येणारा थोडा सामान्य उजेड, अशा तिन्हींची बेरीज करायची रीत बुई तुआंग फाँग या मूळच्या व्हिएतनामच्या मुलाने दिली, तोही युटातलाच. त्याचा पेपर १९७५ मध्ये आला आणि त्याच वर्षी तो गेला, तिशीतच. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक ग्राफिक्सच्या वर्गात त्याचं नाव फळ्यावर लिहिलं जातं. मी लिहिलं तेव्हा हे पण सांगितलं, नुसता फॉर्म्युला लिहून पुढे जाववेना.

त्याच विद्यापीठात आँरी गुरो होता, त्याला माणसाचा चेहरा काढून बघायचा होता तर त्याने बायकोच्या चेहऱ्यावर रेघा आखून जाळी काढली आणि एकेक बिंदू मोजून मशीनमध्ये घातला, १९७१ साली. आणि मार्टिन न्यूवेलला एक छान गोलाईची वस्तू हवी होती तर बायको म्हणाली ही आपली चहाची किटली घे, त्याने ती ग्राफ पेपरवर काढली आणि आकडे काढले, १९७५. ती किटली म्हणजे आमच्या विषयाची खूणच झालीय, खरी किटली कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये ठेवलीय. मला या लोकांबद्दल फार प्रेम वाटतं. मोठ्या गोष्टी शोधणारी ही माणसं घरातलीच वस्तू, घरातलाच चेहरा इतकं नीट बघत बसली. माझी मुलं खूप फास्ट आहेत, कोड पटापट लिहितात, पण बघत नाहीत. ओठांच्या खाली सावली असते हे त्यांना सांगावं लागतं. म्हणून पादऱ्याच्या त्या मुलीला मी म्हटलं, लायब्ररी तुला चित्र देईल, पण ते चुकीचं दिसतंय हे कोण सांगणार? ज्याने एकदा हाताने केलंय त्यालाच कळतं. माझ्या बाबांना नुसत्या नजरेने कळायचं.

लॅबची पण काळजी करू नका, जड मशीन लागत नाही, पहिले काही आठवडे आम्ही फक्त आकड्यांची एक मोठी रांग भरतो आणि तिचं चित्र करतो, त्यानंतर ब्राउझरमध्येच वेबजीएल, म्हणजे तिथे ग्राफिक्स काढायची सोय, वापरतो, घरच्या साध्या लॅपटॉपवर चालतं. तयारीला रात्री जागावं लागतं थोडं, पण थकल्यासारखं वाटत नाही.

आता काम. बाबा, मला माळ्यावरचा तुमचा बोर्ड आणि टी-स्क्वेअर वर्गात न्यायचा आहे. सेट स्क्वेअरचा मोठा डबा पण. मुलांनी आधी बोर्डावर हाताने एक रस्ता पर्स्पेक्टिव्हमध्ये काढायचा, मग तेच आकडे प्रोग्राममध्ये घालायचे आणि दोन्ही एकावर एक ठेवून बघायचे, जुळतात का. त्यासाठी मला तुमच्या हातच्या पायऱ्या हव्यात, आधी काय आखायचं, होरायझन, ती डोळ्याच्या उंचीची रेघ, कुठे, मोजमापं कुठून खाली आणायची. तुमच्या त्या ड्रॉइंगच्या अक्षरांत लिहा, दादा स्कॅन करून पाठवेल. हात कापत असला तरी चालेल, घाई नाही, रोज थोडं लिहा. दिवाळीत इकडे याल तेव्हा एक दिवस कलाभवनात, आमच्या कॉलेजात, माझ्या तासाला यायचंच आहे, तुम्ही डिप्लोमा केलात तेव्हा वर्ग कुठे भरायचा ते पण मला बघायचंय, आणि मुलांना तुमच्याशी बोलायचंय, मी सांगून ठेवलंय. आई, तू पण ये, तांब्याचं प्रात्यक्षिक तूच कर. तिकिटं दादाला लवकर काढायला सांगा म्हणजे दोन्ही खालचे बर्थ मिळतील.

पायऱ्या सावकाश येऊ द्या, बोर्ड नेऊ का तेवढं मात्र दादाच्या फोनवरून लगेच कळवा, सोमवारी लॅब आहे आणि माळ्यावरून उतरवायला शेजारचा मुलगा रविवारीच मोकळा असतो.

तुमची,
मनू