वन्स मोअर नसलेली ‘कट्यार’

पणजी

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं आई स्वतःच्या मनाने सांगते, म्हणून लिहिते. काल रात्री ‘कट्यार काळजात घुसली’ सिनेमा पुन्हा पाहिला. २०१५ साली तो लागला, तेव्हा मूळ नाटकात वसंतराव देशपांडेंना ऐकलेल्यांनी तिकीट काढायचं नसतं, असं म्हणून तुम्ही आईलाही अडवलं होतं.

तुमचा राग अर्धा खरा आहे. देवळातल्या काल्याच्या उत्सवातल्या नाटकांना तुम्ही विंगेत टॉर्च धरून प्रॉम्प्टिंग करायचात, ती वही आठवते. पदांपुढे पेन्सिलीच्या फुल्या, जितके वन्स मोअर तितक्या. ‘सुरत पिया की’पुढे तर कागद फाटलेला. सिनेमात फुली मारायला जागाच नाही. पद रंगात येतं न येतं तोच कॅमेरा झुंबराकडे निघतो. दरबार तर इतका चकचकीत, की विश्रामपूर संस्थान की लग्नाचा हॉल तेच कळेना!

पण पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गवयांची मैत्री इथे समोर घडते. पंडितजीच त्यांना विश्रामपूरला आणतात, म्हणून पुढचं वैर जास्त लागतं. पंडितजी झालेत शंकर महादेवन. अभिनय बेताचाच, पण गायला लागले की खोटे वाटत नाहीत. खाँसाहेब सचिन पिळगावकर, आणि गळा राहुल देशपांडेंचा. म्हणजे १९६७ साली वसंतरावांनी उभी केलेली भूमिका नातवाच्या आवाजात. ‘घेई छंद मकरंद’ दोन्ही घराण्यांचं ठेवलंय: पंडितजींचं संथ, ठाय लयीत, खाँसाहेबांचं तानांनी खच्चून भरलेलं. ‘अरुणी किरणी’साठी महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते तर नाटकाला चाली देणाऱ्या अभिषेकीबुवांचेच शिष्य. मंगेशीच्या बुवांच्या चालींना धक्का लागला नाही, एवढं मी लिहून देते.

आई, ‘सूर निरागस हो’ याच सिनेमातलं. चवथीला तू गुणगुणत होतीस ते. नाटकात नाही हं, नवीन आहे. बाबांना सांगू नकोस.

‘घेई छंद’ मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. शनिवारी लॅपटॉप आणि कानभर बसणारे हेडफोन घेऊन येते. सिनेमा अडीच तासांच्या वर आहे, तेव्हा जेवण लवकर उरका. बाबा, वही माळ्यावरून काढून ठेवा. पेन्सिल मी आणते.

तुमची,
बाय