मुख्याध्यापकांचे प्रशिक्षण वर्गाच्या दाराशीच थांबते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुधारण्याची चर्चा निघाली की ती शिक्षकांच्या प्रशिक्षणापाशी येऊन थांबते. मुख्याध्यापकांनाही काही शिकायचे असते हे मान्य झाले, तरी त्यांच्या वाट्याला येतात ती हिशेब, नियम आणि माहितीचे तक्ते यांवरची व्याख्याने. ही कामे आवश्यक आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु अनेक वर्षे हे पद सांभाळून निवृत्त झाल्यावर माझे मत असे झाले आहे की, सहकाऱ्यांचे अध्यापन सुधारण्यास मदत करणे आणि त्यासाठी शाळेत मोकळे वातावरण राखणे हे मुख्याध्यापकाचे मूळ काम आहे, आणि नेमके तेच आम्हाला कोणी शिकवत नाही.

मला बढती मिळाली ती चांगला शिक्षक म्हणून. स्वतः चांगले शिकवणे वेगळे आणि दुसऱ्याला तसे शिकवता यावे म्हणून मदत करणे वेगळे, हे उमगायला बराच काळ गेला. प्रत्येक वर्गात पाच मिनिटे डोकवायचे आणि निरीक्षण वहीत ‘वर्गनियंत्रण चांगले’, ‘फलकलेखन सुधारावे’ असे शेरे लिहायचे, यालाच मी शैक्षणिक नेतृत्व समजत होतो. मी दारात दिसलो की शिक्षक चालू असलेला अवघड भाग बाजूला ठेवून मुलांना हमखास येणारे प्रश्न विचारू लागत, हे एका ज्येष्ठ शिक्षिकेने मला निवृत्त होताना सांगितले. त्याआधी सांगण्याची सोय मी ठेवलेली नसावी.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. अमेरिकेतील मायामी परिसरातील सुमारे १०० शाळांच्या मुख्याध्यापकांच्या दैनंदिन कामाची तीन शालेय वर्षांत प्रत्यक्ष निरीक्षणाने नोंद करून जेसन ग्रिसम, सुझॅना लोब आणि बेंजामिन मास्टर यांनी २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. शिक्षकाला अध्यापनाविषयी प्रत्यक्ष मार्गदर्शन करण्यात गेलेल्या वेळेचा विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी अनुकूल संबंध दिसला, तर वर्गांतून मारलेल्या धावत्या फेऱ्यांचा संबंध प्रतिकूल होता, विशेषतः वरच्या इयत्तांच्या शाळांत. फेऱ्या मारूच नयेत असा याचा अर्थ नव्हे. जेथे फेरीनंतर शिक्षकाशी काही बोलणेच होत नाही, तेथे ती केवळ हजेरी ठरते.

सेवेच्या उत्तरार्धात एकदा मला वेगळ्या धर्तीचे प्रशिक्षण मिळाले. आम्हा दहा-बारा मुख्याध्यापकांना एका तासाचे चित्रीकरण दाखवून ‘जे दिसले आणि ऐकू आले तेवढेच लिहा’ असे सांगण्यात आले. बहुतेकांनी ‘मुले रमली होती’ असे लिहिले. किती मुले बोलली, मागच्या बाकावरच्या वहीत काय उतरले होते, प्रश्न विचारल्यावर शिक्षिका किती सेकंद थांबली, यांपैकी काहीही आमच्या कागदावर नव्हते. प्रश्नानंतर शिक्षक सहसा जेमतेम सेकंदभर थांबतात आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यास मुलांची उत्तरे अधिक लांब व विचारपूर्वक होतात, हे मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते. आम्हाला मात्र सेकंद मोजायचे असतात हेच ठाऊक नव्हते. त्यानंतर आम्ही एकमेकांना शिक्षक मानून पाठानंतरच्या संवादाचा सराव केला. मी चौथ्याच वाक्याला उपदेशावर आलो, हे समोरच्याने हसत दाखवून दिले. ‘या तासात मुलांना काय समजले आणि ते तुम्हाला कशावरून कळले?’ एवढा प्रश्न विचारून गप्प बसणे किती कठीण आहे, ते त्या दिवशी कळले. पुढे प्रत्येकाने आपल्या शाळेत हे करून पाहायचे आणि महिन्याने नोंदी घेऊन पुन्हा एकत्र यायचे, असा तो क्रम होता. एका दिवसाच्या सभागृहातील कार्यक्रमातून हे साधले नसते.

शाळेचे वातावरण हा अर्थातच याहून नाजूक भाग आहे. अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी १९९० च्या दशकात शिकागोतील प्राथमिक शाळांचा अभ्यास केला, तेव्हा परस्परविश्वास दृढ असलेल्या शाळांपैकी सुमारे निम्म्या सुधारल्या, तर विश्वास दुबळा असलेल्या शाळांत हे प्रमाण सातांत एक एवढेच होते. आता विश्वास काही परिपत्रक काढून निर्माण होत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर मी आठवड्यातून दोन तास स्वतः घेऊ लागलो आणि सहकाऱ्यांना मागे बसून माझ्या चुका टिपायला सांगितले. पहिले काही आठवडे सर्वांनी स्तुतीच लिहिली. एका तरुण शिक्षकाने ‘सर, तुम्ही पहिल्या दोन बाकांनाच विचारता’ असे लिहिले, तेव्हापासून शिक्षक कक्षातील बोलणे बदलले. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, त्यातही शिक्षकांच्या शिकण्यात नेत्याने स्वतः सहभागी होणे हाच सर्वांत परिणामकारक घटक ठरला. त्या विश्लेषणातील अभ्यास मोजकेच होते, हे मान्य करूनही मला तो निष्कर्ष पटतो.

म्हणून प्रशिक्षण आखणाऱ्यांना माझी विनंती आहे की, मुख्याध्यापकांचे प्रशिक्षण शाळांमध्ये, खरे पाठ पाहून आणि वर्षभर चालणाऱ्या छोट्या गटांतून व्हावे. पाठ पाहून केलेल्या नोंदी शिक्षकाच्या गोपनीय अहवालात जाणार नाहीत, हेही आधीच स्पष्ट करावे. मूल्यमापन आणि मदत एकाच वहीत लिहिली गेली, की शिक्षक आपली अडचण लपवू लागतो.

याला वेळ कोठून आणायचा, असा आक्षेप हमखास घेतला जाईल. आमच्या मासिक सभेत मी पूर्वी सर्व परिपत्रके वाचून दाखवत असे. ती सूचनाफलकावर लावायला सुरुवात केली आणि चाळीस मिनिटे मोकळी झाली. त्या वेळात आम्ही एका इयत्तेच्या दहा वह्या टेबलावर ठेवून एकत्र वाचू लागलो, आणि पहिल्याच सभेत भागाकाराची एकच चूक सहा वह्यांत सापडली.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक