मालवणच्या जेट्टीवरच्या तात्यांना, कोल्हापूरहून

तात्या, नमस्कार.

तुमचं पूर्ण नाव आम्हाला माहीत नाही. जेट्टीवर जो तो तुम्हाला ‘तात्या’ म्हणून हाक मारत होता, आणि मालवणच्या धक्क्यावर तात्या काही एकच नसणार. पाकिटावर पत्ता घालायची सोय नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. ओळख पटावी म्हणून सांगते: जानेवारीतली वद्य षष्ठी, सकाळचे अकरा, एमएच ०९ ची गाडी आणि तिच्यातून उतरलेल्या दोन बायका. एक मी. दुसऱ्या काठीवाल्या, त्या माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते, तुम्ही त्यांना पुढे ‘बाईनू’ म्हणायला लागलात.

त्या बाई का झाल्या ते तुम्हाला होडीत अर्धंमुर्धंच कळलं असेल. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या, बहुतेक वर्षं चौथीचा वर्ग. चौथीचा इतिहास म्हणजे शिवाजी महाराज. त्यामुळे दरवर्षी त्या फळ्यावर खडूने सिंधुदुर्ग किल्ल्याचं कुरटे बेट काढायच्या, भोवती लाटांच्या रेघा, बेटाला नागमोडी तट. २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी, तीन वर्षं काम, अठ्ठेचाळीस एकर, पायात ओतलेलं शिसं, बाहेरून न दिसणारा दरवाजा. सगळं तोंडपाठ. आणि किल्ला मात्र कधी बघितलेला नाही. शाळेची सहल पन्हाळ्याला जायची, फार तर प्रतापगडाला. चाळीस पोरं होडीत बसवायची जोखीम कोण घेणार? निवृत्तीनंतर जाऊ म्हणेपर्यंत उजव्या गुडघ्याने दगा दिला, मग ऑपरेशन, मग वॉकर, मग काठी.

‘मला एकदा तो दरवाजा बघायचाय’ एवढंच त्या म्हणाल्या. माझ्या नवऱ्याला सुट्टी नव्हती. खरं सांगायचं तर त्याला नेलंही नसतं. आईच्या गुडघ्याची काळजी तो इतक्या मोठ्या आवाजात करतो की गुडघा आणखी दुखायला लागतो. आम्ही दोघीच निघालो, पहाटे.

राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाट धरला. भोगावतीपर्यंत उसाच्या ट्रॉल्या. कारखान्याचा हंगाम चालू असताना त्या रस्त्यावर ओव्हरटेक करणं म्हणजे नवससायासाचं काम, आणि आत्या प्रत्येक ट्रॉलीमागे ‘घाई काय आहे, किल्ला साडेतीनशे वर्षं थांबलाय’ म्हणत होत्या. राधानगरीजवळ शाहू महाराजांच्या धरणाचा धडा झाला. दाजीपूरला धुकं होतं आणि गवे रस्त्यावर येतात म्हणून खिडक्यांतून दोघींचं लक्ष जंगलात. गवा काही दिसला नाही. घाट उतरलो तशी हवा बदलली. स्वेटर निघाले. कणकवली, कसाल, मग मालवणचा फाटा. मुंबई-गोवा हायवेवर आत्यांना डुलकी लागली, एवढाच काय तो शांततेचा भाग.

आणि मग तुमची जेट्टी.

तिथे काय झालं ते तुम्हाला रोजचंच म्हणून आठवणार नाही, आम्हाला आठवतं. तिकीट काढायला मी खिडकीकडे निघाले होते. तुम्ही होडीत उभे होतात, तुमचा नंबर लागलेला होता, माणसं भरत होती. तुमची नजर आधी काठीवर गेली, मग गुडघ्यावर. तुम्ही म्हणालात, ‘ह्या बाजूक जमात, पण थंय होडी पायरेच्या खूप खाली ऱ्हवता आता. ओहोटी हा.’

माझ्या मागच्या एका भल्या गृहस्थांनी लगेच तोडगा काढला. चौघं मिळून आजींना उचलू, दोन मिनिटांचं काम. त्यांचा हेतू चांगला होता, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण मी आत्यांचा चेहरा बघितला. ऑपरेशनच्या वेळी स्ट्रेचरवरून पलंगावर, पलंगावरून खुर्चीवर त्यांना इतक्यांदा उचलून ठेवलं होतं की घरी आल्यावर त्या म्हणाल्या होत्या, पोत्याला विचारत नाहीत तसं मला कुणी विचारत नव्हतं. उचलून नेणार म्हटल्यावर त्या किल्ला न बघता परत फिरल्या असत्या. आणि गाडीत बसून ‘बरं झालं, ऊन फार होतं’ म्हणाल्या असत्या. मला ते वाक्य आधीच ऐकू यायला लागलं होतं.

तुम्ही त्या गृहस्थांकडे बघितलंही नाही. आत्यांना म्हणालात, ‘घाई कित्याक? आज षष्ठी. साडेचाराक पूर्ण भरती. तुम्ही साडेतीनाक येवा. भांगाचे दिवस जवळ इले, पाणी जास्ती वर येवचा नाय, पण तुमच्या पायरेपुरता येतला.’

तात्या, आम्ही नदीकाठची माणसं. पाण्याची पातळी आम्ही बघतो ती पंचगंगेची, राजाराम बंधाऱ्यावर, तीसुद्धा जुलै-ऑगस्टात. एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस धोका. पाणी वाढलं की आमच्या पोटात गोळा येतो. पाणी वाढायची वाट बघा, असं सांगणारा माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटला.

आत्यांनी विचारलं, साडेचारच कशावरून? तुम्ही सांगितलंत, तिथीला पाऊणने गुणायचं. झालं! पाऊणकी म्हणजे आत्यांचं माहेर. सहाची पाऊणकी साडेचार, आठाची सहा, दहाची साडेसात, असा त्यांनी उभ्या उभ्या हिशेब सुरू केला आणि तुम्ही मान डोलवत राहिलात. मागचा माणूस ‘चला चला’ करत होता. तुम्ही त्याला म्हणालात, ‘बसा हो, होडी माझी हा.’ तेव्हापासून तुम्ही त्यांना ‘बाईनू’ म्हणायला लागलात.

साडेचार तास काढायचे होते. तुम्ही जेवायचं घर सांगितलंत. बांगडा तिरफळाच्या आमटीतला होता आणि सोलकढीचे आत्यांनी तीन ग्लास घेतले. मोरयाचा धोंडा बघा म्हणालात, तोही बघितला. त्यासाठी तुमचे वेगळे आभार मानायला हवेत, कारण तो खडक आत्यांच्या फळ्यावर कधी आलाच नव्हता. पायाभरणीची पूजा या खडकापाशी झाली, हे त्यांनी तिथे ऐकलं. गणपती, सूर्य, चंद्र, शिवलिंग कोरलेला तो काळा धोंडा आणि समोर पाण्यात अख्खा किल्ला. आत्यांनी हवेत बोट फिरवून तटाचा आकार काढला आणि म्हणाल्या, ‘मी बुरूज फारच कमी काढत होते गं.’

साडेतीनला आम्ही परत आलो तेव्हा तुम्ही जेट्टीवर बसलेले. मला नंतर तिकिटाच्या खिडकीशी कळलं की तुम्ही तुमचा नंबर दुसऱ्या होडीला देऊन टाकला होतात. एका फेरीचं नुकसान तुम्ही आमच्यासाठी सोसलंत आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत.

होडीत चढताना तुम्ही त्यांचा हात धरला नाहीत. खांदा पुढे केलात आणि हात ठेवा म्हणालात. पलीकडे पोचल्यावर, ‘चढताना बरो पाय आधी, उतरताना दुखरो.’ फिजिओथेरपिस्टने हेच दोन महिने घोकून घेतलं होतं! आत्यांनी तुमच्याकडे असं बघितलं जणू वर्गातला एखादा मुलगा न विचारता बरोबर उत्तर बोलून गेला. पाणी खरोखर त्यांच्या पायरीपुरतं आलं होतं. होडीची कड आणि दगड यांत वीतभर अंतर. डावा पाय, काठी, उजवा पाय. कुणी उचललं नाही, कुणी ढकललं नाही, टाळ्याही वाजल्या नाहीत. मागच्या माणसांना कळलंसुद्धा नसेल की काही घडलं.

दरवाज्याचं सांगायला हवं. होडीतून त्या सारख्या शोधत होत्या: तट, बुरूज, पुन्हा तट, दरवाजा कुठे नाही. उतरून दोन बुरुजांच्या बेचक्यातून वळलो आणि एकदम समोर. आत्या तिथे उभ्या राहिल्या आणि हसायला लागल्या. लोकांना वाटलं असेल, म्हातारीला काय झालं. इतकी वर्षं मुलांना ‘दरवाजा बाहेरून दिसत नाही’ असं सांगताना ‘म्हणजे कसा, बाई?’ या प्रश्नावर त्या ‘शत्रूला चकवण्यासाठी’ एवढंच उत्तर देत आल्या होत्या. आता त्यांना कसा ते कळलं होतं.

आतलं सगळं काही झालं नाही. महाराजांच्या हातापायांचे ठसे वर आहेत म्हणून ते राहिले, तटावरची फेरी अर्थातच नाही. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वराच्या देवळापर्यंत मात्र त्या चालत गेल्या. दाढी नसलेली ती बैठी मूर्ती त्यांनी बराच वेळ बघितली. येताना दूधबाव, साखरबाव, दहीबाव यांची चौकशी केली, समुद्राच्या पोटात गोडं पाणी कसं, म्हणून तिथे राहणाऱ्या एका बाईंशी गप्पा मारल्या. किल्ल्यात एक तास मिळतो म्हणतात. आम्हाला त्याहून बराच जास्त लागला आणि तुम्ही एकदाही हाक मारली नाहीत. इतर प्रवाशांना दुसऱ्या होडीने लावून दिलंत, हे परत आल्यावर कळलं.

मी वेगळे पैसे पुढे केले तेव्हा तुम्ही ‘तिकीट काढलास मा?’ म्हणालात आणि दोर सोडायला वळलात. नीट आभार मानायला वेळच दिला नाहीत, सूर्य खाली आला होता आणि तुमची शेवटची फेरी बाकी होती. म्हणून इथे मानते. आत्यांना किल्ला दाखवल्याबद्दल नव्हे, तो आम्ही कसाही दाखवला असता. त्यांना विचारल्याबद्दल, थांबवल्याबद्दल आणि एका फेरीवर पाणी सोडल्याबद्दल.

त्या रात्री तारकर्लीला राहिलो, दुसऱ्या दिवशी देवबागचा संगम गाडीतूनच बघितला आणि आल्या रस्त्याने घरी. तो भाग सांगण्यासारखा नाही.

आता तुमच्यासाठी एक कामगिरी. आत्या रोज सकाळी कालनिर्णयात तिथी बघून मालवणची भरती काढतात आणि नवऱ्याला ऐकवतात. त्यांना तुमच्या हिशेबात एक खोच सापडली आहे. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणकी सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा म्हणजे एक, तिची पाऊणकी पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. एरवी भरती रोज पाऊण तास पुढे जाते, मग त्या एका दिवसात दीड तासाची उडी कशी? ‘समुद्र उडी मारत नाही, हिशेबात कुठेतरी हातचा राहिलाय,’ असं त्यांचं म्हणणं आहे. तुम्हा लोकांकडे त्याचं उत्तर असणारच, ते त्यांना तुमच्याच तोंडून ऐकायचंय.

पावसाळ्यात तुमच्या होड्या बंद, म्हणून दिवाळीनंतर येतोय. मी चतुर्थी सुचवली होती, दुपारी तीनची भरती सोयीची. पण वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी, त्यांचा उपास, म्हणजे बांगडा नाही. तेव्हा पंचमी ठरली आहे. पाचाची पाऊणकी पावणेचार. आम्ही पावणेतीनला जेट्टीवर असू.

तुमची,
काठीवाल्या बाईंची सून