आवाहन : रथाच्या आधी यंत्र यायलाच हवे

अमळनेरकर बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

मंडळाची ओळख नव्याने करून द्यायला नको. वैशाखातली पाणपोई असो, रक्तदान असो की वैकुंठरथ, गाव कायम पाठीशी राहिले. वैकुंठरथाची पहिली पावती दगडी दरवाज्याजवळच्या काकांनी फाडायला लावली. भाजीबाजारातल्या मावशींनी तर गल्ल्यातली चिल्लर आणून दिली, ती थैलीसकट बँकेत नेली. आप्पांनी पेन्शनमधून दिले आणि नाव छापू नका म्हणाले. या सर्वांचे ऋण फिटणार नाही.

गेल्या वर्षी सखाराम महाराजांच्या रथोत्सवाच्या दिवशी बोरी नदीच्या पात्रात बाहेरगावचे एक भाविक कोसळले. कुणी कांदा हुंगवतोय, कुणी तोंडावर पाणी मारतोय. तेवढ्यात आपल्याच गल्लीतली नर्सिंग शिकणारी पोरगी गर्दीत घुसली आणि वाळूत गुडघे टेकून छाती दाबू लागली. ती दमली तेव्हा पानटपरीवाल्या भाऊंनी हात लावला. १०८ च्या गाडीतल्या यंत्राने झटका दिल्यावर हृदय पुन्हा लयीत आले. हिवाळ्यात त्या गृहस्थांनी भरताच्या वांग्यांची पिशवी मंडळात पाठवली.

पण दर वेळी गाडी वेळेत पोहोचेलच असे नाही. हृदय बंद पडल्यावर काहीच केले नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून मंडळ एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देऊन लयीत आणणारे यंत्र घेत आहे. छातीवर दोन पट्ट्या चिकटवल्या की ते लय तपासते, पुढे काय करायचे ते बोलून सांगते आणि गरज नसेल तर झटका देतच नाही. घाबरण्यासारखे काही नाही.

मागच्या महिन्यात हाच निरोप ग्रुपवर टाकला होता. अंगठे भरपूर आले, पावत्या मोजून चार फाटल्या. वैकुंठरथाला पंधरा दिवसांत पैसे जमवणारे गाव जित्या माणसासाठी हात आखडता घेते, याचे वाईट वाटते. असो.

खर्च : यंत्र, पेटी व सरावाचा पुतळा मिळून १ लाख ४० हजार; जमा ३८ हजार. पट्ट्या आणि बॅटरी मुदत संपली की बदलाव्या लागतात, त्याची तरतूद वेगळी. यंत्र बसस्थानकाजवळच्या मेडिकलबाहेर राहील, पेटीला कुलूप नसेल (सभेत यावर बराच वाद झाला, पण कुलूप नाहीच). पावती कार्यालयात सायं. ६ ते ८, क्यूआर दारावर लावला आहे.

पैसे जमत नसतील त्यांनी रविवारी सकाळी ८ वाजता शिबिराला यावे. माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतोय, तर १०८ लावायचा आणि छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचे, एवढेच शिकायचे आहे. महिलांनी आवर्जून यावे. नंतर वरण-बट्टी आहे, त्यामुळे किती जण येणार ते शनिवारपर्यंत कळवा.

आपला नम्र,
सचिव