मिरजेच्या कॉम्प्युटरवाल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय. दुकानात समोर उभं राहून आभार मानायला गेलं, की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणता आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा लॅपटॉप उघडायला घेता. इथे तुम्हाला मध्येच थांबवता येणार नाही.

तुमच्या काउंटरखालच्या टोपलीतून मी माझ्या वडिलांसाठी, अण्णांसाठी, 'सीझर थ्री' या कॉम्प्युटरवरच्या जुन्या खेळाची सीडी घेतली होती. पन्नास रुपयांत. इम्प्रेशन्स गेम्सनं बनवलेला आणि सिएरानं १९९८ मध्ये बाजारात आणलेला हा खेळ. रोमन साम्राज्यातल्या एखाद्या प्रांताचा कारभारी व्हायचं आणि मोकळ्या जमिनीवर शहर वसवायचं. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, घराबाहेर पडायची बंदी, आणि टीव्हीवरच्या चर्चा ऐकून त्यांची रोज चिडचिड. आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात काढलेल्या माणसाला शहर बांधायचा खेळ आवडेल, एवढाच माझा अंदाज होता. आमच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही, हे तुम्ही पिशवी बघूनच ओळखलंत आणि म्हणालात, "लॅपटॉप इथेच ठेवून जा."

त्या संध्याकाळी तुम्ही काय काय केलंत, ते मला नंतर हळूहळू कळत गेलं. मूळ खेळ फार तर १०२४ बाय ७६८ इतक्याच आकारात चालायचा, आजच्या रुंद पडद्यासाठी तो बनलेलाच नाही. म्हणून तुम्ही बाहेरच्या ड्राइव्हवरून सीडीतल्या फाइली उतरवून घेतल्यात आणि त्यावर 'ज्युलियस' बसवलंत. हे ज्युलियस म्हणजे हौशी प्रोग्रामर मंडळींनी त्या खेळाचं इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा प्रोग्राम, नव्यानं लिहून सर्वांसाठी फुकट, सोर्सकोडसकट खुलं केलेलं काम. त्यांची निष्ठा बघा, काका. जुन्या सेव्ह फाइली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून मूळ खेळाचे नियम तर त्यांनी तसेच ठेवलेच, पण खेळातले जुने बग, म्हणजे चुकासुद्धा, हात न लावता राहू दिले. पडद्याचा आकार मात्र हवा तो घेता येतो आणि चित्रं मोठी करता येतात. तुम्ही ती अण्णांच्या नजरेला झेपतील इतकी मोठी करून दिलीत. मोतीबिंदूचं मी जाता जाता बोलले होते, ते तुमच्या लक्षात राहिलं.

आणखी एक. ज्युलियसला मूळ खेळातली चित्रं आणि आवाज लागतातच, त्याशिवाय ते सुरू होत नाही. ते कुठूनही उतरवून देणं तुम्हाला अवघड नव्हतं. तरी तुम्ही सीडी माझ्या हातात देऊन म्हणालात, "ही जपून ठेवा, खेळ हिच्यातला आहे." पन्नास रुपयांच्या वस्तूबाबतही इतकं चोख वागणारा माणूस मला फार क्वचित भेटलाय.

पण खरे आभार मानायचे आहेत ते बिलाच्या मागे तुम्ही पेन्सिलीनं काढलेल्या नकाशासाठी. पहिल्या आठवड्यात अण्णांचं शहर सारखं जळायचं. घरं चांगली व्हायची आणि पुन्हा झोपड्या व्हायच्या. त्यांनी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही दुकान बंद करून घरी आलात. तो नकाशा काढून समजावून सांगितलंत की या खेळात इमारत नुसती जवळ असून भागत नाही, तिथून निघालेला माणूस घरावरून चालत जावा लागतो. प्रीफेक्ट, म्हणजे आगीवर नजर ठेवणारा शिपाई, गेला नाही तर आग लागते, इंजिनिअर गेला नाही तर इमारत कोसळते, बाजारातली बाई आली नाही तर भांड्यात धान्य नाही. आणि ही माणसं चौकात आली की वाटेल त्या दिशेला वळतात. म्हणून चौक कमी ठेवा, रस्ता वळसा घालून पुन्हा तिथेच येईल असा काढा, आणि जिथे कुणी भटकायला नको तिथे वेशीचा दरवाजा बांधा. कामगारांचंही तसंच. कारखाना कितीही सोयीच्या जागी बांधा, जवळपास वस्ती नसेल तर तिथे कामाला कुणी येत नाही.

अण्णा त्या रात्री जेवायला उठले नाहीत, ताट तिथेच मागवलं.

पाण्याच्या भागात तर ते रमूनच गेले. नदीकाठचा जलाशय, तिथून उंच कमानींवरून नेलेला पाट, पुढचा जलाशय, त्याच्या नळांच्या टप्प्यात बसवलेलं कारंजं. विहिरीवर वस्ती एका पायरीपर्यंतच सुधारते, पुढे कारंजंच लागतं. आणि कारंज्यावर माणसं नेमली नाहीत तर ते कोरडं. हे कळलं तेव्हा अण्णा आनंदानं ओरडले, "बघ, यांनासुद्धा माहितीय!" नोकरीत इतकी वर्षं वरिष्ठांना ते जे सांगत आले, की पाइप टाकून पाणी येत नाही, व्हॉल्व्हवर माणूस लागतो, ते कुणीतरी १९९८ मध्ये खेळात घालून ठेवलं होतं. मला वाटतं जुन्या स्ट्रॅटेजी खेळांची खरी श्रीमंती ही आहे. चित्रं साधी, पण ज्यानं नियम लिहिले त्यानं शहर चालतं कसं याचा नीट विचार केलेला. टोपलीत पडल्यानं तो विचार शिळा होत नाही.

आता ते रस्त्यावरच्या माणसांवर उजवं बटण दाबून त्यांचं म्हणणं ऐकत बसतात. कुणी काम नाही म्हणून कुरकुरतो, कुणी देवांना विसरलात म्हणतो. अण्णा मजुरी रोमपेक्षा थोडी जास्तच ठेवतात, खजिना रिकामा होत आला तरी. लुग्दुनम म्हणजे आजचं लिऑन, लुतेशिया म्हणजे पॅरिस, हे त्यांनी नातवाला ॲटलास काढून दाखवलं. सीझरनं नवा प्रांत देताना शांततेचा की लढाईचा विचारलं, की नातू लढाईचा म्हणतो आणि आजोबा ऐकत नाहीत. त्याच्यासाठी तुम्ही त्याच टोपलीतून 'एज ऑफ एम्पायर्स टू' हा लढायांचा खेळ काढून दिलात म्हणून घरात तह झाला. ते १९९९ चं, आणि त्याच्या मित्रांच्यातही अजून तेच चालतं, याचं मला नवल वाटलं होतं.

फिजिओथेरपीच्या दिवसांत माणूस उठत नाही, बोलत नाही, हे मी शेजारी पाहिलं होतं. आमच्याकडे अण्णा व्यायाम झाल्या झाल्या खुर्चीत येऊन बसायचे, कारण धान्याचं कोठार रिकामं होत असायचं. खुर्चीपर्यंत चालत यायचं, हाच त्यांचा पहिला पल्ला होता. तुम्ही मजुरीचे पैसे घेतले नाहीत. मी दोनदा पाकीट पुढे केलं, दोनदा परत आलं. त्यामुळे हे पत्र.

येत्या रविवारी अण्णा स्वतः चालत तुमच्या दुकानात येणार आहेत. त्यांना आता 'ऑगस्टस' हवंय, ज्युलियसवरूनच पुढे वाढवलेलं, कारण त्यात भटक्यांना अडवायला रस्त्यावर सरळ अडथळा टाकता येतो. त्यात सेव्ह केलेलं शहर मूळ खेळात परत उघडत नाही असं वाचलं, म्हणून जुन्या सगळ्या फाइलींची कॉपी मी पेन ड्राइव्हवर काढून ठेवलीय. तीही सोबत आणते. चहा मात्र या वेळी आमच्याकडून, आणि तो नाकारायचा नाही.

आपली नम्र,
अण्णांची मुलगी