आधी कागद, मग गाडीची किल्ली

महोदय,

वणी, राजुरा, कोरपना भागातील तरुण कोळशाच्या आणि सिमेंटच्या गाड्यांवर चालक म्हणून लागतात ते बहुधा तोंडी बोलीवर. पगार आधी ठरतो, कपात नंतर कळते. करार साध्या कागदावर का असेना, पण लेखी हवा आणि त्याची सही केलेली प्रत चालकाकडे हवी.

सर्वात जास्त भांडणे डिझेलच्या अ‍ॅव्हरेजवरून होतात. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे अ‍ॅव्हरेज वेगवेगळे लिहून घ्या. टिपर (डबा उचलून माल ओतणारी गाडी) असेल तर डबा उचलणाऱ्या हायड्रॉलिकला आणि खाणीवरच्या रांगेत जळणारे डिझेल वेगळे धरायला लावा. शॉर्टेजचे, म्हणजे पोहोचलेल्या मालाच्या वजनातल्या घटीचेही तसेच. ओला भरलेला कोळसा वाटेत पाणी गाळतो, वजन उतरते. त्याचे पैसे चालकाने का भरावेत? किती किलोपर्यंतची घट माफ आणि कोणत्या काट्याचे वजन धरायचे, हे करारातच यावे. गाडी खाली व्हायला दोन-दोन दिवस लागतात, त्या दिवसांचा भत्ताही.

ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे. तो मालक भरेल, असे स्पष्ट शब्दांत हवे. मूळ लायसन्स कोणाकडेही ठेवू नका.

विम्याकडे तर कोणी पाहतच नाही. पॉलिसीतले 15 लाखांचे सक्तीचे अपघात संरक्षण गाडीमालक स्वतः चालवत असेल तर त्याचे असते, पगारी चालकाचे नव्हे. पगारी चालकाबाबत मालकावर येणाऱ्या जबाबदारीचा प्रीमियम वेगळा भरला आहे का, ते पॉलिसीची प्रत मागून तपासा.

– एक वाचक, वणी (जि. यवतमाळ)